तिफोझी म्हणजे नक्की कोण? फुटबॉलमधले आणि सायकलिंगमधले एकच का?

मधला_गिअर यांचा प्रश्न

आधी सांगतो, प्रश्न बावळट वाटेल. मी वर्षानुवर्षं फक्त फुटबॉल बघायचो. चार वर्षांपूर्वी एकदा चुकून जिरो दितालियाचा, म्हणजे इटलीतल्या मोठ्या सायकल शर्यतीचा, डोंगरातला एक टप्पा लागला आणि तेव्हापासून मे महिना माझा उरलेला नाही. घाट सुरू झाला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं आत झुकायला लागली, की समालोचक हमखास म्हणतो, 'अँड द तिफोसी...' आणि पुढचं ओरडण्यात बुडून जातं.

मला इतके दिवस वाटत होतं की तिफोसी ही एक संघटना आहे. वर्गणी, ओळखपत्र, अध्यक्ष वगैरे. कारण फुटबॉलमध्ये सामन्याआधी अख्ख्या स्टँडवर जे भलंमोठं चित्र उलगडतात त्याला 'तिफो' म्हणतात हे मला माहीत होतं. मी हिशोब जुळवला: तिफो बनवतात ते तिफोसी, आणि फुटबॉलला सुट्टी असली की तेच लोक सायकली बघायला जातात. हे मी एका ग्रुपवर ठासून लिहिलं. पाच मिनिटांत एकाने उत्तर दिलं, 'तिफो म्हणजे इटालियनमध्ये टायफस. ताप. रोग.' विकेट गेली. नंतर तीन दिवस मला सगळे 'तब्येत कशी आहे' विचारत होते.

तर जाणकारांनी सांगावं. तिफोसीज म्हणजे नक्की कोण? दोन्ही खेळांत अर्थ तोच, की नुसता शब्द तोच? आणि घाटात कोलंबियाचा झेंडा घेऊन धावणारा माणूसही तिफोसीच का?

कोपऱ्यातला_झेंडा

संघटना नाही, साधं सामान्यनाम आहे. एक पुरुष तिफोझो, एक बाई तिफोझा, अनेक झाले की तिफोझी, नुसत्या बायका असतील तर तिफोझे. उच्चारात 'झ' आहे, इंग्रजी समालोचक त्याचा 'स' करतात. आणि 'तिफोसीज' म्हणू नका हो, ते 'माणसेज' म्हटल्यासारखं होतं.

चित्राबद्दल तुमची चूक अगदीच निराधार नाही. इटलीबाहेर, विशेषतः उत्तर युरोपात आणि मग इंग्रजीत, 'तिफो' हा शब्द त्या स्टँडभरच्या देखाव्यासाठी रुळला. खुद्द इटलीत त्या देखाव्याला 'कोरेओग्राफीया' म्हणतात. तिथे 'तीफो' म्हणजे एखाद्याच्या बाजूचं असणं, ती अवस्था. क्रियापदही आहे, तिफारे.

कोलंबियाच्या माणसाबद्दल: इटालियन माणूस त्यालाही तिफोझो म्हणेल, त्याच्या भाषेत दुसरा सोपा शब्द नाही. इंग्रजी समालोचक मात्र हा शब्द शक्यतो इटालियन गर्दीसाठी राखून ठेवतात. अपवाद फॉर्म्युला वनमधल्या फेरारीचा. तिथे कुठल्याही देशाचा माणूस लाल टोपी घालून आला की तो तिफोझो.

नाडीपरीक्षा

तापाचं खरं आहे. थोडी भर घालते, कारण ग्रुपवरच्या गृहस्थांनी अर्धंच सांगितलं. इटालियन बोलीभाषेत 'तीफो' या एकाच शब्दात दोन वेगळे रोग येतात: उवांमुळे पसरणारा टायफस, आणि आपण ज्याला विषमज्वर म्हणतो तो टायफॉइड. जंतू वेगळे, प्रसार वेगळा. लक्षण मात्र एक सारखं, रुग्ण भ्रमिष्टासारखा बरळतो, भान हरपतं. मूळ ग्रीक शब्द 'तिफोस', म्हणजे धूर. डोक्यात धूर भरल्यासारखी गुंगी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात खेळाच्या वेडाला हे रोगाचं नाव चिकटलं. आधी अर्थातच टिंगल म्हणून. मग ज्यांची टिंगल चालली होती त्यांनीच ते मिरवायला सुरुवात केली.

तुमची तब्येत कशी आहे?

पो_काठची

मी तोरिनोत, म्हणजे ट्युरिनमध्ये, अकरा वर्षं राहते. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात भाषेच्या वर्गात बाईंनी विचारलं, 'पेर की तीफी?' म्हणजे, तू कोणाची? मी भाबडेपणाने म्हटलं, कोणाचीच नाही. वर्गात एकदम शांतता. बाईंना वाटलं मला प्रश्न कळला नाही, म्हणून त्यांनी तो पुन्हा सावकाश विचारला. इथे हा प्रश्न 'आडनाव काय' याच्या पंगतीतला आहे. उत्तर नाही असं होऊच शकत नाही.

माझं उत्तर पुढे खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी ठरवून टाकलं. ऐंशी ओलांडलेले, रेल्वेतून निवृत्त, आणि तोरोचे. तोरो म्हणजे बैल, तोरिनो क्लबचं लाडकं नाव. जर्सीचा रंग ग्रानाता, आपल्या डाळिंबी रंगाला इतका चपखल इटालियन शब्द दुसरा सापडणार नाही. शहरातल्या दुसऱ्या क्लबचं, म्हणजे युव्हेंटसचं, नाव आजोबा घेत नाहीत. 'ते दुसरे' म्हणतात. 'ते दुसरे' युरोपात खेळत असतील त्या रात्री आजोबा समोरच्या संघाच्या बाजूने इतक्या निष्ठेने बसतात की तो संघ कुठल्या देशाचा आहे हेही कधीकधी त्यांना ठाऊक नसतं. याला इथे वेगळं क्रियापद आहे, 'गुफारे'. गुफो म्हणजे घुबड. कुणाचं तरी वाईट व्हावं म्हणून घुबडासारखं टक लावून बसणं. फुटबॉलच्या तीफोत निदान चार आणे तरी हा घुबडपणा असतोच, असं माझं मत.

मूळ प्रश्नाकडे येते. शब्द एकच आहे, पण माझ्या अनुभवात वेड दोन जातींचं आहे, आणि ते मला एकाच जागी, एकाच दिवशी कळलं.

तोरिनोच्या कडेला सुपेर्गा नावाची टेकडी आहे, वर बाझिलिका, म्हणजे मोठं चर्च, आहे. 4 मे 1949 ला लिस्बनहून परतणारं तोरिनो संघाचं विमान दाट ढगांत त्या बाझिलिकेच्या मागच्या भिंतीवर आदळलं. 31 जण गेले. इटलीतला त्या काळचा सर्वांत बलाढ्य संघ एका संध्याकाळी संपला. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांना अपघात आठवत नाही, वडील जेवणाच्या टेबलावरून उठून गेले ते आठवतं. दर 4 मे रोजी लोक टेकडीवर जातात आणि संघाचा कप्तान गेलेल्यांची नावं एकेक करून मोठ्याने वाचतो.

2024 मध्ये त्याला 75 वर्षं झाली, आणि त्याच दिवशी जिरोचा पहिला टप्पा होता, व्हेनारिया रेआलेहून तोरिनोत येणारा. आयोजकांनी मार्ग मुद्दाम सुपेर्गावरून नेला. शनिवार होता. आजोबांच्या मुलाने रस्ते बंद व्हायच्या आत आम्हाला गाडीने वर नेऊन सोडलं, सोबत घडीची खुर्ची आणि पाण्याच्या चार बाटल्या.

रस्त्याच्या कडेला एका बाजूला डाळिंबी स्कार्फवाले, बरेचसे म्हातारे, काही जण हातात फुलं घेतलेले. दुसऱ्या बाजूला घट्ट चड्ड्या घालून सायकलीवर चढून आलेले. एरवी हे दोन घोळके एकमेकांकडे बघत नाहीत. त्या दिवशी तास-दोन तास एकमेकांच्या पिशवीतलं खात बसले होते. मग हेलिकॉप्टरचा आवाज, मोटारसायकली, आणि स्वार आले. फुटबॉलचा सामना दीड तास चालतो. हे दीड मिनिटात संपलं. पुढचा घोळका गेला, तेव्हा मी खुर्ची मिटायला घेतली. आजोबांनी हात धरला. मागून एकेक येत होते, लांब अंतर राखून, तोंडं उघडी. त्यातल्या प्रत्येकासाठी आजोबा 'दाय, दाय, दाय!', म्हणजे 'चल, चल!', करत होते. अगदी शेवटी एकजण आला, त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्याच्यासाठी ते खुर्चीतून उठले.

मी विचारलं, नाव माहीत नसलेल्यासाठी एवढं कशाला?

'अगं, तो चढतोय ना,' म्हणाले.

हाच माणूस 'त्या दुसऱ्यांचा' गोलरक्षक जखमी होऊन पडला की भिंतीकडे तोंड करून हसतो. टप्पा इक्वेडोरच्या नार्व्हाएझने जिंकला, स्लोव्हेनियाच्या नामांकित पोगाचारला तिसरं ठेवून. आजोबांना ते रात्री कळलं आणि त्यांनी मान हलवून टीव्ही बंद केला.

मला यात दिसतं ते असं. फुटबॉलचा तिफोझो जर्सीचा असतो, खेळाडू येतात आणि जातात. 1990 मध्ये फियोरेंतीना या फ्लॉरेन्सच्या क्लबने रॉबेर्तो बाज्जोला युव्हेंटसला विकलं तेव्हा फ्लॉरेन्समध्ये दंगल झाली. पण पुढच्या वर्षी तोच बाज्जो काळी-पांढरी जर्सी घालून त्याच मैदानावर आला, तेव्हा त्याला शिट्ट्या ऐकाव्या लागल्याच. (शिट्टी इथे निषेधाची. मी पहिल्याच सामन्यात आनंदाने दोन बोटं तोंडात घातली होती, आजोबांनी झटकन खाली ओढली. आजूबाजूच्या पाच जणांनी तोवर वळून बघितलं होतं.) त्या सामन्यात बाज्जोने पेनल्टी घ्यायला नकार दिला आणि बाहेर जाताना कुणीतरी फेकलेला फियोरेंतीनाचा जांभळा स्कार्फ उचलला. म्हणजे माणूस आणि जर्सी यांची अशी ओढाताण झाली की बातमी होते. तीस-पस्तीस वर्षांनीही फ्लॉरेन्सचे लोक त्यावर बोलतात.

सायकलिंगमध्ये ही ओढाताण होत नाही, कारण जर्सीवर प्रेम करायला ती टिकतेच कुठे. संघाचं नाव म्हणजे पुरस्कर्त्याचं नाव. आज फर्निचरवाला, उद्या बँक, परवा दिवाळं. जन्मभर एखाद्या फरशीच्या कारखान्याचा तिफोझो कोण होणार? तिथे तीफो माणसाचा. कॉप्पी आणि बार्ताली या दोन प्रतिस्पर्धी सायकलपटूंच्या काळात घरं दुभंगलेली असायची, आणि त्या दोन पक्षांना नावं माणसांवरून होती: कॉप्प्यानी आणि बार्ताल्यानी. कॉप्पी कुठल्या कंपनीच्या सायकलवर बसतो याने कॉप्प्यानींना काही फरक पडला नाही. पिएमोंतेमधल्या त्याच्या गावाचं, कास्तेल्लानियाचं, नाव 2019 पासून अधिकृतपणे कास्तेल्लानिया कॉप्पी आहे. क्लबसाठी गावाने स्वतःचं नाव बदलल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि माणसाचा तीफो माणसामागेही उरतो, हे दुसऱ्या दिवशी बघितलं. रविवारी टप्पा ओरोपाला संपणार होता. 30 मे 1999 ला याच घाटाच्या पायथ्याशी पंतानी या इटालियन सायकलपटूच्या सायकलची साखळी निसटली होती. तो थांबला, सगळे पुढे गेले, आणि मग त्याने एकामागून एक 49 जणांना मागे टाकून टप्पा जिंकला. सहा दिवसांनी रक्ततपासणीत हेमॅटोक्रिट, म्हणजे तांबड्या पेशींचं प्रमाण, मर्यादेपेक्षा जास्त आलं म्हणून त्याला जिरोतून बाहेर काढलं, आणि 2004 मध्ये तो रिमिनीच्या एका हॉटेलात मेला. तर 25 वर्षांनी त्या रस्त्यावर डोक्याला त्याच्यासारखे रुमाल बांधलेली पोरं होती, त्यांतली निम्मी 1999 मध्ये जन्मलेलीही नसतील. आणि घाटाच्या पायथ्याशी पोगाचारचं चाक पंक्चर होऊन तो पडला, ही बातमी फोनवर येताच आख्खी कड एका सुरात ओरडली. तो सगळ्यांना गाठून जिंकला तेव्हा माझ्या शेजारची बाई रडत होती. पोगाचारसाठी नव्हे, हे मला विचारावं लागलं नाही.

उतारावरचा

पो_काठची ताई, चित्र सुंदर आहे, पण फारच साखरेत घोळलंय. सायकलिंगचे तिफोझी म्हणजे सगळे तुमचे आजोबा नव्हेत.

1948 चा जिरो घ्या. फियोरेंझो मान्यी जिंकला, दुसऱ्या आलेल्या चेक्कीपेक्षा फक्त 11 सेकंदांनी. पोर्दोई घाटात तिफोझींनी त्याला हातांनी ढकलत वर नेलं, म्हणून त्याला दोन मिनिटांचा दंड झाला. कॉप्पीच्या बियांकी संघाला ती शिक्षा इतकी क्षुल्लक वाटली की अख्खा संघ शर्यत सोडून गेला. मिलानच्या व्हिगोरेल्ली वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या मैदानावर, जिरोतल्या अव्वल स्वाराच्या गुलाबी जर्सीत आलेल्या मान्यीचं स्वागत शिट्ट्यांनी झालं. त्या शिट्ट्या निषेधाच्याच, हे तुम्ही सांगितलंच आहे.

1967 मध्ये त्रे चीमे दी लाव्हारेदोवर तर इतकं ढकलणं आणि गाड्यांना लटकणं झालं की टप्प्याचा निकालच रद्द केला. जिमोंदी वर पहिला पोहोचला होता, त्याला काही मिळालं नाही.

आणि 1987. गुलाबी जर्सी इटलीच्या विसेंतीनीकडे, आणि त्याच्याच संघातला आयरिश स्टीफन रोश सापादाच्या टप्प्यावर त्याच्यावर उलटला, जर्सी घेतली. पुढच्या घाटांत लोक रोशवर तोंडातली वाइन आणि भात थुंकत होते. दोन स्वार त्याला मध्ये घेऊन चालवत होते, एक तर दुसऱ्या संघातला. घुबडपणा चार आणे म्हणालात. इथे रुपयाच्या वर होता.

पो_काठची

उतारावरचा, 1987 मान्य. त्या वर्षाचा विषय काढला की आजोबाही गप्प बसतात. (विसेंतीनीचे होते, म्हणून विचारत नाही.) पण तुमच्याच उदाहरणाने माझं एक म्हणणं पक्कं होतं: तो राग माणसासाठी होता. दोघांच्या अंगावर एकाच संघाचे कपडे होते! फुटबॉलमध्ये घरच्या दोन खेळाडूंचं भांडण झालं तर स्टँड त्यातल्या एकावर थुंकत नाही, निदान सामना चालू असताना.

ढकलण्याबद्दल मात्र मला वेगळंच वाटतं. साखर नाही, ऐका. फुटबॉलच्या तिफोझोला खेळात हात घालता येत नाही. कठडा आहे, तिकीट आहे, रखवालदार आहेत. म्हणून त्याचं सगळं वेड घशातून आणि कापडातून बाहेर पडतं: गाणी, ढोल, झेंडे, ते स्टँडभरचं चित्र. मिलान क्लबच्या तिफोझींच्या ग्रुपने 1968 मध्ये 'फोस्सा देई लेओनी', सिंहांचा खड्डा, असं नाव घेतलं, मला ते चपखल वाटतं: आतल्या माणसाला बाहेर येता येत नाही. सायकलिंगमध्ये बहुतेक घाटभर कठडाच नाही. तिकीटही नाही. खेळाडूची पाठ हाताच्या अंतरावर, आणि तो ताशी बारा-पंधराच्या वेगाने, धापा टाकत. हात पुढे जातोच हो. नियमात बसत नाही, ढकलणाऱ्याचं काही जात नाही, दंड स्वाराला होतो, हे सगळं खरं. तरी मी स्वतः एकदा तो हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले आहे, म्हणून सांगते.

कोपऱ्यातला_झेंडा

माणूस की जर्सी यावर एक तिसरा मुद्दा, विषयाबाहेरचा आहे पण राहवत नाही. 1983, इमोला, फॉर्म्युला वन. इटालियन रिकार्दो पात्रेझे ब्रॅभम संघाच्या गाडीत आघाडीवर, शेवटच्या काही फेऱ्या बाकी. तो घसरून बाहेर गेला आणि इटालियन गर्दी आनंदाने नाचली, कारण मागून फेरारी पुढे आली होती. चालवत होता फ्रेंच पात्रिक तांबे. म्हणजे तिथे माणूसही नाही, देशही नाही. तीफो गाडीचा.

मधला_गिअर

बापरे. मी एका ओळीचं उत्तर मिळेल म्हणून विचारलं होतं. ग्रुपवर आता मी लिहिलंय की तिफोसी हा शब्द आजारातून आलाय आणि मला तो झालाय. (तिफोझी. 'झ'. लक्षात आहे.) नाडीपरीक्षा, तब्येत ठीक आहे, धन्यवाद.

एक शेवटचं विचारतो, याच धाग्यात बसतं म्हणून. रस्त्यावर रंगाने स्वारांची नावं लिहिलेली असतात, त्यांच्या आधी कधी कधी इंग्रजी डब्ल्यू असतो. मी ते 'वुई' किंवा 'विनर' असं काहीतरी समजत होतो. आणि एका जुन्या फोटोत भिंतीवर तोच डब्ल्यू उलटा होता, एमसारखा, फक्त मधला कोन जरा खोल. रंगवणारा प्यायलेला होता का?

पो_काठची

नाही, शुद्धीत होता. डब्ल्यू म्हणजे दोन 'व्ही' एकमेकांत अडकवलेले, वाचायचं 'एव्हीव्हा' किंवा 'व्हीव्हा', म्हणजे चिरायू होवो. तोच उलटा केला की 'अब्बास्सो', म्हणजे मुर्दाबाद. फुटबॉल असो, सायकल असो, राजकारण असो, सगळीकडे हीच लिपी. आमच्या इमारतीपासून दोन चौक पुढे रेल्वेपुलाखाली डाळिंबी रंगात सुलटा डब्ल्यू आणि तोरो लिहिलंय, त्याच्या खाली काळ्या रंगात उलटा डब्ल्यू आणि पुन्हा तोरो. मधल्या जागेत कुणीतरी निळ्या रंगात सुलटा डब्ल्यू आणि पंतानी लिहून ठेवलंय. वरचं आणि खालचं दर काही महिन्यांनी कुणीतरी खोडतं आणि कुणीतरी पुन्हा लिहितं. मधल्याला अजून कोणी हात लावलेला नाही.

फोटोतल्या त्या उलट्या डब्ल्यूपुढे नाव कोणाचं होतं?

मधला_गिअर

अर्धंच दिसत होतं. 'बार्ता'पर्यंत. पुढे एक म्हातारा उभा आहे.